काखेतीची 'ऑरेंज वाइन' आणि काटोलचा संत्रा: रांजण पुरण्याआधी हे वाचा

एका संत्रा बागायतदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलजवळ आठ एकर संत्रा, काही भागात अंबिया बहार (फळ ऑक्टोबर-डिसेंबरचं), काही भागात मृग बहार (फळ फेब्रुवारी-मार्चचं). जॉर्जियाच्या सहलीत काखेती प्रांतात एका कुटुंबाच्या वायनरीत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणातली 'ऑरेंज वाइन' प्यायली आणि फार आवडली. आता विचार असा की संत्रा आपल्याकडे ढिगानं आहे, कुंभार आहेत, घरची चार माणसं आहेत. मग तसेच रांजण पुरून, सालीसकट संत्रा आंबवून नागपुरात घरची वायनरी का काढू नये? आणि शेवटी: की इथे द्राक्षच लावून काखेतीची नक्कल करावी?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, राग मानू नका. तुम्ही प्यायलात त्या वाइनमध्ये संत्रा नव्हता. एक फोडसुद्धा नव्हती. ती पांढऱ्या द्राक्षांची वाइन होती, बहुधा र्कात्सितेली किंवा किसी जातीची. पांढरी वाइन करताना एरवी रस काढून साल फेकतात. तिथे रस, साल, बिया आणि बरेचदा देठसुद्धा एकत्र रांजणात टाकतात आणि पाच-सहा महिने तसेच ठेवतात. सालीतला रंग आणि तुरटपणा उतरतो आणि वाइन नारिंगी होते. जॉर्जियन लोक तिला अंबरी वाइन म्हणतात. 'ऑरेंज' हे नाव अलीकडचं, इंग्रजी बाजारातलं, फक्त रंगावरून पडलेलं. हा घोटाळा अनेकांचा होतो, पण नागपूरकरांचा झाला की तो थेट धंद्याच्या आराखड्यात शिरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरा प्रश्न 'रांजण चालेल का' हा नाही. साल कोणाच्या बाजूनं आहे, हा आहे. द्राक्षाच्या सालीत टॅनिन असतं. ते चव देतं आणि हवेपासून वाइनला बऱ्यापैकी वाचवतंही. म्हणून काखेतीतलं कुटुंब फार औषधं न घालता सहा महिने झाकण लावून निवांत राहू शकतं. संत्र्याच्या सालीत टॅनिनचा तसा आधार नाही. तिच्यात तेल आहे, लिमोनीन नावाचं तेल. दोन नावं सारखी वाटतात म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: सालीतलं तेल ते लिमोनीन, आणि फोडीच्या पापुद्र्यात व बियांत असतं ते कडू लिमोनिन. पुढे मी पहिल्याला नुसतं 'तेल' म्हणेन.

हे तेल यीस्टला मारक आहे. थोडं उतरलं तरी आंबवण रेंगाळते, जास्त उतरलं तर अर्ध्यावर बंद पडते. अर्धवट आंबलेला गोड रस नागपूरच्या हवेत पडून राहिला की त्यात व्हिनेगरचे जीवाणू घुसतात आणि ते काही आठवडे वाट बघत नाहीत. शिवाय तेल हवेनं खराब झालं की टर्पेंटाइनसारखा वास मारतं. लिमोनिनची गोष्ट वेगळी. ताज्या रसात ते कडू नसतं. त्याचं आधीचं, बिनकडू रूप पापुद्र्यात असतं आणि रसाच्या आंबटपणात हळूहळू त्याचं कडू लिमोनिन होतं. म्हणून सकाळी काढलेला रस गोड लागतो आणि रात्री तोच कडू. लिटरला पाच-सहा मिलिग्रॅम झालं तरी जीभ ओळखते. आंबवणीत साखर संपली की हा कडूपणा लपायला जागाच उरत नाही. सालीसकट सहा महिने ठेवलेला संत्रा म्हणजे काढा.

आता रांजण. काखेतीतला रांजण, म्हणजे क्वेव्री, अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. आतून मधमाशांच्या मेणाचा पातळ हात दिलेला असतो. बिया आणि गाळ टोकाशी बसतो आणि वरच्या वाइनला त्याचा फारसा स्पर्श राहत नाही. ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पण त्या रांजणाचं खरं काम आकारापेक्षाही जमीन करते. दोन-तीन मीटर खोल गेलं की जमिनीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. काखेतीतल्या तेलावी शहराकडे ही सरासरी साधारण १२-१३ अंश आहे, म्हणजे जमीन फुकटचा फ्रिज. नागपुरात सरासरी २७ अंशांच्या आसपास. इथे पुरलेला रांजण वाइनला बाराही महिने कोमट ठेवेल.

दुसरं, काटोल-नरखेडची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांचे पाये हलवणारी ही माती रिकाम्या-भरल्या रांजणाला दोन हंगामांत तडा देईल. पुरायचाच असेल तर चारही बाजूंनी काळी माती काढून मुरूम आणि वाळूचा जाड थर भरावा लागतो आणि पाण्याला वाट द्यावी लागते. माठ करणाऱ्या कुंभाराचं मडकंही इथे कामाचं नाही. माठ झिरपावा म्हणूनच तो तसा भाजलेला असतो. वाइनला झिरपणारं भांडं नको.

शिवाय खड्ड्यातली आंबवण धोक्याची. शंभर लिटर रस वाइन होईपर्यंत सुमारे पाच हजार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो, वास नाही. तळघरात किंवा मोठ्या रांजणात धुवायला उतरलेला माणूस तिथेच कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. खालून हवा खेचणारा पंखा असल्याशिवाय अशा जागी उतरायचं नाही, हा नियम कुटुंबातल्या सगळ्यांना पाठ हवा.

तर मग करायचं काय? संत्र्याची वाइन होते, चांगलीही होते. फक्त ती काखेतीच्या उलट्या रस्त्यानं होते: साल नाही, पापुद्रा कमीत कमी, आणि थंडावा विकतचा.

फळापासून सुरुवात करू, कारण अर्धं काम तिथेच जमतं किंवा बिघडतं. अंबियाचा ऑक्टोबरमधला, साल अजून हिरवट असलेला माल घेऊ नका. कच्च्या फळात कडूपणाचा कच्चा माल जास्त असतो आणि पिकत जाईल तसा कमी होतो. डिसेंबरपर्यंत झाडावर राहिलेला अंबिया बरा. फेब्रुवारी-मार्चचा मृग चवीला अधिक गोड, कमी कडू. पण तेव्हा नागपुरात दुपार तापायला लागलेली असते, म्हणजे फळ चांगलं आणि हवा वाईट. थंडाव्याची सोय पक्की असेल तर मी मृग निवडेन, नसेल तर डिसेंबरचा अंबिया. हे तुमच्या बागेवर आणि खिशावर अवलंबून आहे, इथे एकच उत्तर नाही. बारीक आकाराचा माल, ज्याला नागपूरच्या कळमना बाजारात भाव मिळत नाही, तो खुशाल वापरा. गळलेला, बुरशी लागलेला किंवा टोचलेला मात्र एकही नको. 'वाइनच तर करायची आहे' म्हणून सडका माल ढकलणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी काटकसर.

आपल्या संत्र्याची साल सैल असते हे नशीब समजा. मोसंबीसारखी झटापट नाही. हातानं सोला, पांढरे धागे काढा, फोडी मोकळ्या करा. रस काढताना स्क्रू प्रेस टाळा, तो बिया चिरडतो आणि पापुद्रे पिळून काढतो. मऊ रबरी पात्यांचा पल्पर किंवा नायलॉनच्या कापडातून हलका दाब चांगला. शंभर किलो संत्र्यातून असा ४० लिटरच्या आसपास रस निघतो. ४५ मिळाला तर उत्तम. ५५ मिळत असेल तर तुम्ही कडूपणा विकत घेताय. रस निघाल्याबरोबर गाळा. चोथ्यात तासभरही ठेवू नका.

इथे एक स्वस्त चाचणी आहे, ती न चुकता करा. कपभर गाळलेला रस उकळीच्या जवळ नेऊन पाच मिनिटं ठेवा, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. उष्णतेनं लिमोनिन लवकर तयार होतं. सकाळी तो रस कडू लागला तर त्या लॉटची वाइनही कडू होणार. तो लॉट सरबताला द्या.

आता आकडे. नागपुरी संत्र्याच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण, साधारण ९ ते ११ असतो. नुसता तसाच आंबवला तर पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येईल, ते टिकणार नाही. १०० लिटर रस १० ब्रिक्सचा असेल तर त्यात ११.५ किलो साखर विरघळवली की सुमारे १०७ लिटर आणि १९ ब्रिक्स होतं, म्हणजे अकरा टक्क्यांच्या थोडं वर अल्कोहोल. पांढरी साखरच घ्या. गुळानं रंग आणि चव दोन्ही गुळाची येते. साखर अंदाजानं नाही, रिफ्रॅक्टोमीटरनं मोजून. पाणी घालून वाढवायचा मोह आवरा, आधीच पातळ असलेली चव आणखी पातळ होते.

गाळलेल्या रसात लगेच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जीवाणू आणि हवेपासून वाचवणारं; पुढे नुसतं 'सल्फाइट'), १०० लिटरला ९ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. त्याच वेळी रस निवळवणारं पेक्टिनेज एन्झाइम, पाकिटावरच्या मात्रेनं. रात्रभर १० अंशांच्या खाली ठेवा. सकाळी गाळ बसतो, वरचा रस दुसऱ्या टाकीत घ्या. वर तेलाचा तवंग दिसला तर रस खालच्या नळानं काढा आणि वरचे दोन बोटं सोडून द्या. ते दोन बोटं वाचवायला जाऊन पूर्ण टाकी अडकलेली असते.

यीस्ट ईसी-१११८ सारखं दणकट घ्या, १०० लिटरला २५ ग्रॅम. पाव लिटर पाणी ३७ अंशांवर आणून त्यात २० मिनिटं भिजवा, मग थोडा थोडा रस घालून त्याला थंड करत आणा. यीस्टच्या पाण्यात आणि टाकीत १० अंशांपेक्षा जास्त फरक असला की निम्म्या पेशी धक्क्यानं मरतात आणि लोक पाकिटाला दोष देतात. दुसऱ्या दिवशी फेस धरल्यावर यीस्टचं खाद्य म्हणून डायअमोनियम फॉस्फेट, १०० लिटरला १० ग्रॅम, आणि एक तृतीयांश साखर संपल्यावर आणखी १० ग्रॅम. संत्र्यात नायट्रोजन असतो, पण त्यातला बराच यीस्टला न पचणाऱ्या रूपात. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडतं.

तापमान १६ ते १८ अंश. इथे एक गणित लक्षात ठेवा. एक ब्रिक्स आंबला की द्रव सुमारे १.३ अंशांनी तापतो. १९ ब्रिक्स म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही तर २५ अंशांची वाढ. वीस लिटरच्या बरणीत ती भिंतीतून निघून जाते, म्हणून एसीच्या खोलीतला छोटा प्रयोग सुरेख जमतो. हजार लिटरच्या टाकीत ती जाणार कुठे? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकी ३२-३३ अंशांवर पोचते, संत्र्याचा वास उडतो, यीस्ट थकतं. घरचा प्रयोग जमला म्हणून वायनरी काढणारे बहुतेक इथेच फसतात. मोठ्या टाकीला जॅकेट (भोवतीनं थंड पाणी फिरवणारं आवरण) आणि ते पाणी गार करणारा चिलर लागतोच. वीज गेली तर चालेल असं जनरेटरही लागतं. आपल्याकडे हा खर्च यंत्रांच्या यादीत सगळ्यात वर लिहायचा.

१२-१५ दिवसांत घनता ०.९९८ च्या खाली आली आणि तीन दिवस तिथेच राहिली की वाइन गाळावरून काढून घ्या. आता दुसऱ्या आंबवणीला वाट देऊ नका. द्राक्षाच्या लाल वाइनमध्ये लॅक्टिक जीवाणू आंबटपणा मऊ करतात म्हणून लोक त्यांची वाट पाहतात. संत्र्यात मुख्य आम्ल सायट्रिक. तेच जीवाणू ते खाऊन लोण्यासारखा वास आणि अ‍ॅसिटिक आम्ल तयार करतात. म्हणून लगेच सल्फाइट आणि लगेच थंड. किती सल्फाइट हे पीएचवर ठरतं. ३.३ पीएचला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २५ मिलिग्रॅम पुरतं, ३.५ ला ४०, ३.७ ला साठच्या वर जावं लागतं. म्हणून पीएच मीटर ही चैन नाही. पीएच ३.६ च्या वर असेल तर आधी थोडं आम्ल घालून तो खाली आणा.

वाइन नितळ होण्यासाठी बेंटोनाइट नावाची माती, १०० लिटरला ६० ते ८० ग्रॅम, गरम पाण्यात चोवीस तास फुगवून. आधी बाटलीत चाचणी करा. टाकी कायम गळ्यापर्यंत भरलेली हवी. संत्र्याच्या रसात क जीवनसत्त्व भरपूर, ते हवेनं मोडलं की वाइन तपकिरी होते. अर्धी भरलेली टाकी मेपर्यंत चहासारखी दिसते. बाटलीत कधी थंडीत पांढरे बारीक ठिपके दिसतील. लोक बुरशी समजून परत आणतात. ते हेस्पेरिडिनचे स्फटिक, अपायकारक नाहीत. पण ग्राहकाला हे समजावत बसण्यापेक्षा बाटली भरण्याआधी वाइन दोन-तीन आठवडे शून्य अंशाजवळ ठेवून ते टाकीतच बसवा.

पूर्ण कोरडी संत्र्याची वाइन आपल्या जिभेला आंबट आणि जरा पोकळ लागते. माझं मत विचाराल तर लिटरला १५-२० ग्रॅम साखर शेवटी परत घाला. मात्र मग ती बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून ०.४५ मायक्रॉनचं गाळण, किंवा लिटरला २०० मिलिग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट. सॉर्बेट सल्फाइटशिवाय एकटं कधीच नाही. जीवाणूंनी ते खाल्लं की जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा वास येतो आणि त्यावर उपाय नाही. सालीचा वास हवाच असेल तर तयार वाइनमध्ये, सालीचा वरचा केशरी थर तेवढा किसून, लिटरला अर्धा ग्रॅम, कापडात बांधून, रोज चाखत, जास्तीत जास्त दोन दिवस. सालीला या कामात एवढीच जागा.

नागपुरात द्राक्ष लावून काखेतीची नक्कल करावी का, हेही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नको. गंमत म्हणजे उंची हे कारण नाही. काखेतीतल्या अलाझानी नदीच्या खोऱ्यातले कितीतरी मळे नागपूरपेक्षा फार उंचावर नाहीत. पण मागे कॉकेशसची बर्फाची भिंत आहे, हिवाळ्यात वेल झोपते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीला रात्री गार असतात, त्यामुळे द्राक्षातलं आम्ल जळून जात नाही. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून महाराष्ट्रात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करावी लागते आणि द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतं. नाशिकला तेव्हा रात्री अजून सुसह्य असतात. विदर्भात ऊन चढलेलं असतं, आणि गारपीट कधी येईल सांगता येत नाही. संत्रा हातात असताना हा जुगार कशाला?

कायद्याबद्दल थोडं, पण गांभीर्यानं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं गुन्हा आहे, 'प्रयोगापुरती' म्हटलं तरी. आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नागपूर कार्यालयात जा आणि मग अन्नसुरक्षेच्या परवान्याचं बघा. फळांच्या वाइनसाठी २०१८ चे मद्यपेयांचे अन्नसुरक्षा नियम लागू आहेत. जागा निवडताना जिल्ह्याची हद्द तपासा. काटोल, नरखेड, सावनेर नागपूर जिल्ह्यात आहे. पण तुमची किंवा पाहुण्यांची जमीन कारंजा-आष्टीकडे असेल तर तो वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी आहे.

आठ एकरांतून चांगल्या वर्षी पंचवीस-तीस टन माल निघत असेल तर तो दहा-बारा हजार लिटर रस होतो. तो सगळा वाइनमध्ये घालू नका. पहिली दोन वर्षं इमारत बांधूच नका, असा माझा सल्ला आहे. पाचशे किलो फळ निवडा, रस काढून लगेच उणे १८ अंशांवर गोठवा आणि परवाना असलेल्या वायनरीत तुमच्या रसाची वाइन करून मिळेल का ते नाशिककडे विचारा. समृद्धी महामार्गामुळे गोठवलेला माल एका रात्रीत तिकडे पोचतो. रस काढण्याबद्दल आणि कडूपणाबद्दल अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. त्या दोनशे लिटरांपैकी थोड्या बाटल्या मुद्दाम एक उन्हाळा थंड जागेत आणि थोड्या साध्या खोलीत ठेवून पुढच्या दिवाळीत शेजारी शेजारी उघडा. चिलरवर किती खर्च करायचा ते मग कोणाला विचारावं लागणार नाही.

आणि लेबलवर 'ऑरेंज वाइन' छापू नका. जाणकार गिऱ्हाईक काखेतीची चव शोधत येईल आणि चिडून जाईल. 'संत्र्याची वाइन' लिहा. 'नागपूर संत्रा' हे नाव २०१४ पासून भौगोलिक मानांकनाखाली आहे, तेव्हा ते बाटलीवर घालण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आणि वाइनवर ते चालतं का याची लेखी विचारणा, दोन्ही करून घ्या.